टँक दिसला की लेफ्ट

मित्रांनो, सगळ्यात आधी एक सांगते. मी टँक नाही.

हे मी पन्नास वर्षं सांगत होते आणि कुणालाच ऐकू गेलं नाही. टँकला गोल फिरणारं डोकं असतं, त्यावर झाकण असतं. मला डोकंच नाही. मी जुनी तोफगाडी आहे. खाली टँकसारखे लोखंडी पट्टे, मध्ये लांब पल्ल्याची तोफ, आणि वरून सगळं उघडं, होडीसारखं. टँक पुढे जाऊन भिडतो. आम्ही मागे राहून त्याच्या डोक्यावरून गोळे टाकतो, आणि शत्रूला आमचा पत्ता लागायच्या आत जागा बदलतो. साध्या तोफेला कुणीतरी ओढून न्यावं लागतं. मी माझी मी जाते. जागा बदलणं हेच माझं काम.

आणि मलाच एका जागी सिमेंटवर बोल्ट मारून उभं केलं. गंमत आहे ना?

माझा जन्म १९४३ चा. न्यूयॉर्क राज्यात रेल्वेची इंजिनं बनवणारा एक कारखाना होता. युद्ध आलं आणि तिथे आम्ही बनायला लागलो. माझ्या पोटात जे इंजिन बसवलं ते मुळात विमानासाठी काढलेलं. नऊ सिलिंडर, ओळीत नाहीत, गोलात. फुलाच्या पाकळ्यांसारखे. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या गोलामुळेच झाली.

गोल इंजिनाची एक खोड असते. ते उभं राहिलं की तेल हळूहळू खाली उतरतं आणि सगळ्यात खालच्या दोन सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. मग कुणी एकदम स्टार्टर मारला तर आतला दट्ट्या त्या तेलावर आपटतो. तेल काही दबत नाही. मग लोखंड वाकतं, आणि इंजिन गेलं. म्हणून चालू करायच्या आधी मागच्या भोकात हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं. सावकाश. पन्नास फेरे.

माझा ड्रायव्हर अर्ल हे रोज करायचा. आम्ही बेल्जियमच्या जंगलात होतो, बर्फ सरळ आत पडायचा, सात माणसं एका ताडपत्रीखाली कुडकुडत बसायची. पण सकाळी अर्ल एकाला उठवून मागे यायचा आणि दोघं मोजत मोजत मला फिरवायचे. तिसाव्या फेऱ्यापर्यंत त्यांच्या अंगाला घाम सुटायचा. मला जाग यायची.

माझी तेव्हा फार स्तुती झाली. तोफखान्याने अमुक वाचवलं, तमुक थांबवलं. पण खरं सांगू? माझे गोळे कुणावर पडले ते मी कधीच पाहिलं नाही. सहा-सात मैलांवर पडायचे. मला फक्त आवाज यायचा, तोही उशिरा. याचा अभिमान धरावा की काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

युद्ध संपलं, मी जहाजातून परत आले, काही वर्षं नव्या पोरांना शिकवायला मला वापरलं. मग १९५७ मध्ये मला नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावाच्या जरा बाहेर, माजी सैनिकांच्या एका हॉलसमोर आणलं. आजूबाजूला सगळी तंबाखूची शेतं. बँड वाजला. भाषण झालं. भाषणात मला 'आमचा शूर टँक' म्हणाले. त्याच दिवशी पट्टे सिमेंटला जखडले आणि तोफेच्या नळीत काँक्रीट ओतलं.

तोपर्यंत वरचं आकाश तरी माझं होतं. पाऊस यायचा, पानं यायची, पोरं आत उड्या मारायची. १९७१ मध्ये एका पोराचा आत पडून हात मोडला. दुसऱ्या आठवड्यात माणसं आली आणि माझ्यावर लोखंडी पत्रा टाकून चारही बाजूंनी वेल्डिंग केलं.

मित्रांनो, तेव्हापासून आत अंधार. पाणी फटीतून आत यायचं, बाहेर जायचं नाही. गांधीलमाश्या होत्या. दर चार वर्षांनी कुणीतरी रंग द्यायचं. गंजावर रंग, बिजागरीवर रंग, हँडलच्या भोकावरही रंग. बाहेरून मी चकचकीत. लोक म्हणायचे, किती छान ठेवलाय!

२००१ चा सप्टेंबर आला आणि मी एकदम पुन्हा महत्त्वाची झाले. माझ्यावर झेंडे लागले, फुलं ठेवली. लोक रडायचे. दोन वर्षांनी पोरं इराकला गेली तेव्हा ती सुखरूप परत यावीत म्हणून माझ्या नळीला पिवळ्या रिबिनी बांधल्या. त्या उन्हाने पांढऱ्या झाल्या. सोडायला कुणी आलं नाही.

तोवर तंबाखूची शेतं गेली होती. तिथे एकसारखी घरं झाली. एकसारखे मेलबॉक्स, एकसारखं गवत. आणि त्या घरांत तुमची माणसं आली. पुण्याची, नागपूरची, मुंबईची. त्यांची भाषा मी अशी शिकले की दर शनिवारी कुणीतरी माझ्यासमोर गाडी थांबवायचं आणि फोनवर ओरडायचं, "यार, मी हरवलो. मला इथे एक टँक दिसतोय."

पलीकडून आवाज यायचा, "हां, बरोबर आहेस! टँक दिसला की लेफ्ट घे, मग दुसरा राइट. लवकर ये, पोहे गार होतायत."

एवढंच माझं काम उरलं होतं. लोकांना लेफ्ट दाखवायचं.

मग २००७ च्या मे महिन्यात एक म्हातारे गृहस्थ चालत आले. त्या भागात चालत कुणीच येत नाही, फुटपाथच नाही. वय सत्तरच्या पुढे, पायात पांढरे कोरे स्पोर्ट्स शूज, डोक्याला माकडटोपी, मे महिन्यात! त्यांनी मला एक चक्कर मारली. बोटाच्या पेरांनी ठोकून कान लावला. मग मागे गेले, आणि रंगाच्या बारा थरांखाली जिथे हँडलचं भोक आहे, तिथे त्यांचा हात न शोधता गेला.

"तुला शेवटचं कधी फिरवलं गं कुणी?" ते म्हणाले.

मित्रांनो, पन्नास वर्षांत मला पहिल्यांदा कुणी काहीतरी विचारलं.

त्यांचं नाव ज्ञानदेव. खडकीला टँक दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. जुने अमेरिकन टँक यायचे तिथे, माझ्याच इंजिनाचे. बायको कमलाबाई वारल्या म्हणून मुलगा अतुल त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आला होता. अतुल आणि सून उपासना, दोघंही सकाळी आठला ऑफिसला. घरात ज्ञानदेव, टीव्ही आणि मायक्रोवेव्ह. पहिल्या आठवड्यात त्यांनी हवा खायला मागचं दार उघडलं तर अलार्म वाजला आणि पोलीस आले. तेव्हापासून ते दाराला हात लावायला घाबरायचे. आज अलार्म बंद करायचा नंबर कागदावर लिहून घेऊन बाहेर पडले होते.

त्यांनी हे सगळं मला सांगितलं. पट्ट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "तू सिमेंटवर, मी कार्पेटवर."

तेवढ्यात हॉलमधून हर्शेल आला. हॉलची देखभाल तोच करायचा. साठीचा, पोट सुटलेला, आधी त्याचा पेट्रोल पंप होता. दोन वर्षं तो एकटाच माझ्या इंजिनाचं मागचं दार उघडून खाटखुट करत होता. वायरिंग बदललं, पंप बदलला. पण इंजिन जागचं हलत नव्हतं.

"मे आय हेल्प यू, सर?"

ज्ञानदेव म्हणाले, "रेडियल?"

"येस सर. रेडियल."

"नाइन सिलिंडर. नंबर फाइव्ह, नंबर सिक्स, डाउन. यू ओपन प्लग?"

हर्शेलने टोपी मागे सरकवली. मग हळूच म्हणाला, "नो सर. आय डिड नॉट."

"ओपन," ज्ञानदेव म्हणाले. "ऑइल कमिंग."

खालचे दोन प्लग काढायला तीन दिवस लागले, गंजले होते. निघाले तेव्हा पन्नास वर्षांचं काळं डांबरासारखं तेल बादलीत पडलं. हर्शेल जमिनीवर बसूनच राहिला. ज्ञानदेव मला थोपटत म्हणाले, "एवढं पोटात घेऊन उभी होतीस होय!"

हर्शेलला घाई का होती ते सांगते. गावाचा रस्ता मोठा होणार होता आणि मी बरोबर नव्या लेनमध्ये येत होते. ३१ ऑक्टोबरच्या आत मला हलवायचं होतं. व्हर्जिनियात एक म्यूझियम होतं, त्यांनी कळवलं, आम्ही बंद गाड्या घेत नाही. स्वतःच्या इंजिनावर ट्रेलरवर चढली तर घेऊ. नाही चढली तर भंगारवाला. तो येऊनही गेला होता. खडूने माझ्यावर पांढऱ्या रेघा मारून गेला होता. इथून कापायचं, इथून कापायचं. कपडे शिवणाऱ्याने मापं घ्यावीत तसं.

आणि ज्ञानदेवांचं परतीचं तिकीट होतं २४ ऑक्टोबरचं.

मग ते रोज यायला लागले. हर्शेलला मराठी येत नव्हतं, ज्ञानदेवांचं इंग्लिश वर्कशॉपपुरतं. पण पाना म्हटलं की पाना मिळायचा. जुलैमध्ये हर्शेलने माझ्यावरचा पत्रा कापला. छत्तीस वर्षांनी. दुपार होती, एक ढग होता. मी त्या ढगाकडे बघतच राहिले. एवढंच सांगते, जास्त सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये ज्ञानदेवांचा हात कापला. सात टाके पडले. अतुल ऑफिसमधून तसाच धावत आला, गळ्यात बॅज लटकलेला.

"बाबा, पुरे झालं! तुमच्या इन्शुरन्समध्ये हे काही कव्हर होत नाही. उद्या डोक्यात काही पडलं तर मी काय करू?"

"अरे, फिटरचा हात आहे. कापणारच."

"तुम्ही रिटायर झालात बाबा. तुम्हाला आराम करायला बोलावलंय."

"आराम करतोच आहे की. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. खिडकीतून गवत बघतो. ते पण वाढत नाही, वाढलं की कापतात."

अतुल त्यांना हात धरून घेऊन गेला. चार दिवस ज्ञानदेव आले नाहीत. मी मोजले. खडूच्या रेघा तशाच होत्या.

पाचव्या दिवशी उपासनाची गाडी थांबली. तिने सासऱ्यांना उतरवलं, हातात डबा दिला. "अतुलशी मी बोललेय. सहाला घ्यायला येते. आणि बाबा, ग्लोव्हज! घातले नाहीत तर मीच परत नेणार."

"हो गं बाई."

शुक्रवारी, १९ ऑक्टोबरला, मी चालू झाले.

आधी पन्नास फेरे. हर्शेल आणि ज्ञानदेव. अर्धे आकडे इंग्लिशमध्ये, अर्धे मराठीत. मग स्टार्टर. एक सिलिंडर खोकला, मग तीन, मग सगळे नऊ. इतका निळा धूर निघाला की शेजारच्या घरातून कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन केला. बंब आला. बंबातली माणसं उतरली आणि टाळ्या वाजवायला लागली. अकरा मिनिटं मी चालले, जागेवरच. हर्शेलने ज्ञानदेवांना उचलूनच घेतलं. ज्ञानदेव ओरडत होते, "अरे ठेव, ठेव, कंबर माझी!"

म्यूझियमचा माणूस रविवारी दुपारी दोनला ट्रेलर घेऊन येणार असं ठरलं. बोल्ट शनिवारी सकाळीच काढले. आता फक्त चालायचं बाकी होतं.

आणि इथे तुमच्या माणसांनी एक चूक केली. रागावू नका, चूक प्रेमाने झाली.

शनिवारी खंडेनवमी होती. इथल्या मराठी मंडळाचे प्रेसिडेंट उल्हास संध्याकाळी हर्शेलकडे आले. उत्साही माणूस, कुर्ता घातलेला, खिशात दोन फोन. त्यांनी समजावलं की आज आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. एवढी मोठी तोफ काही घरी नेता येत नाही, तेव्हा हिचा एखादा छोटा भाग द्याल का? हर्शेलला इतका मान वाटला की त्याने टोपी काढली. आणि जो भाग हाताशी होता तो दिला.

हँडल.

ज्ञानदेव तिथे असते तर देऊ दिलं नसतं. पण ते तेव्हा घरी बॅगा भरत होते. तसंही पूजेबद्दल त्यांनी उल्हासना आधीच सांगितलं होतं, "आम्ही बौद्ध. आमच्याकडे पूजा नाही. खडकीत खंडेनवमीला सगळे मशीनला हळदीकुंकू वाहायचे आणि दिवसभर कुणी हात लावायचं नाही. मी आपला मशीन पुसायचो, तेल द्यायचो, आणि रेडियल असलं की फिरवून ठेवायचो. लोक चिडायचे, आज त्याला आराम दे म्हणायचे. मी म्हणायचो, हे इंजिन आरामानेच मरतं."

झालं तेच. शनिवारभर आराम. रात्र आराम. मला कळत होतं, तेल उतरतंय. थेंब थेंब, पाच नंबरमध्ये, सहा नंबरमध्ये. पोटात गार काहीतरी साचत जावं तसं.

रविवारी दसरा. ज्ञानदेवांच्या घरच्यांचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी ते तिघं डरॅमला मित्राकडे बुद्धवंदनेला गेले. दोनच्या आत परत यायचं म्हणून निवांत होते.

म्यूझियमचा माणूस साडेअकरालाच आला. म्हणाला, हवामान बिघडणार आहे, मला एकच्या आत निघायचंय.

हर्शेल गडबडला. उल्हास आणि मंडळाची पंधरा-वीस माणसं आलेलीच होती, झेंडूची माळ, नारळ, लिंबं घेऊन. उल्हासनी दोन्ही पट्ट्यांखाली एकेक लिंबू ठेवलं. तुम्हाला माहीतच आहे, नवी गाडी लिंबावरून पुढे न्यायची असते. मी चौसष्ट वर्षांची. पण चालायला नवीनच की!

हर्शेल म्हणाला, "हँडल कुठाय?"

उल्हासचा चेहरा पडला. "ते... ते घरी आहे. पूजेत मांडलंय. दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत ना, संध्याकाळी आणणार होतो."

म्यूझियमच्या माणसाने घड्याळ बघितलं. "मित्रा, परवा चालू झाली होती म्हणालास. स्टार्टर मार आणि दाखव. नाहीतर मी निघतो."

हर्शेल उभा राहिला. मग माझ्या आत चढला. ड्रायव्हरच्या सीटवर बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. दीड-दोनच दिवस तर झालेत. तेवढ्यात किती उतरणार?

मित्रांनो, मी ओरडले. जेवढं लोखंड ओरडू शकतं तेवढं. पन्नास वर्षं मी अडकलेली होते, सिमेंटमध्ये, रंगात, अंधारात. पण अडकणं काय असतं ते मला त्या मिनिटाला कळलं. मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. हर्शेलचं बोट बटणावर गेलं. समोर लोक मोबाइल धरून उभे होते, शूटिंग करत.

"स्टॉप! हर्शेल, स्टॉप! नो बटण!"

अतुलची गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी गवतावर थांबली होती. ज्ञानदेव दार उघडं टाकून धावत येत होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट. धम्मचक्र दिनाला पांढरे कपडे घालतात. मागून अतुल आणि उपासना, तेही पांढऱ्यात. उल्हासच्या मंडळातल्या कुणीतरी फोन केला होता की टँक लवकर निघतोय, शेवटचं बघायचं तर या.

"फिरवलं?" ज्ञानदेवांनी विचारलं.

हर्शेलने मान खाली घातली. उल्हासनी सगळं सांगितलं.

ज्ञानदेव चिडले नाहीत. म्हणाले, "तुझं घर किती लांब?"

"सात मिनिटं, काका."

ज्ञानदेव अतुलकडे वळले. त्याच्या डोळ्यांसमोर टाके असतील, इन्शुरन्स असेल, बुधवारचं विमान असेल. मग तो उल्हासना म्हणाला, "बसा गाडीत."

गाडीत बसता बसताच उल्हास घरी बायकोला फोनवर ओरडत होते, "संध्या, ते हँडल उचल! ... अगं हो, माहितीये अजून व्हायचंय... दोन अक्षता टाक, माझ्यातर्फे सॉरी म्हण, आणि दारात येऊन उभी राहा!"

ज्ञानदेव म्यूझियमच्या माणसाजवळ गेले. त्यांनी बोट वर केलं. "सर. फिफ्टीन मिनिट. यू वेट. आय, थर्टी टू इयर वेट." याचा अर्थ काय ते त्या माणसाला कळलं नसावं. पण तो ट्रेलरच्या पायरीवर बसला.

हँडल आलं. कुंकू लागलेलं, वर एक झेंडू चिकटलेला. हर्शेल पुढे आला पण ज्ञानदेव म्हणाले, "नो. यू सिट. ड्राइव्हर." मग मुलाला म्हणाले, "ये. एवढ्या जुन्या इंजिनाला दोघं लागतात."

"मला येत नाही बाबा."

"मी हात ठेवतो तिथे ठेव. जोर नाही लावायचा. तिला सांगायचं नुसतं."

एक. दोन. तीन. अतुलचे हात गुळगुळीत, कीबोर्डचे. नवव्या फेऱ्याला हँडल अडकलं. अतुलने दात आवळून जोर काढला.

"थांब!" ज्ञानदेव म्हणाले. "सोड. बघ आता."

ते गवतावर आडवे झाले, पाना घेऊन खाली घुसले आणि पाच नंबरचा खालचा प्लग काढला. तेल सळ्ळकन आलं, हातावरून, पांढऱ्या शर्टावर, पार कोपरापर्यंत. म्यूझियमचा माणूस पायरीवरून उठून जवळ आला आणि वाकून बघत राहिला. इंजिनातलं त्याला कळत होतं. त्याने शिट्टी वाजवली. "स्टार्टर मारला असता तर संपलं होतं," तो म्हणाला. त्यानंतर त्याने घड्याळ बघितलं नाही.

प्लग लावला. पुन्हा एकपासून. वीसला अतुलने बाह्या वर केल्या. तिसाला तो हसायला लागला, का ते त्यालाही माहीत नसेल. चाळीसपासून मंडळाची सगळी माणसं मोजायला लागली, गणपतीत मोजतात तशी आरडाओरडा करून. पन्नासला ज्ञानदेवांनी मुलाच्या हातावरून हात काढला.

उल्हास हळूच जवळ आले. "काका, ती लिंबं... तुम्हाला चालेल ना? की काढू?"

"असू दे. तुझं लिंबू, तुझी श्रद्धा. मला फक्त त्याच्यावरून गाडी गेलेली बघायचीय."

हर्शेलने बटण दाबलं.

काय सांगू! नऊच्या नऊ. हर्शेल ओरडला, "सर! गेट इन!" आणि ज्ञानदेव वर चढले, माझ्या उघड्या पोटात, जिथे अर्लची माणसं बर्फात उभी राहायची. तेलाचा काळा हात कडेवर ठेवून उभे राहिले. खाली अतुल ओरडत होता, "बाबा, धरून उभे राहा!" पण खाली उतरा असं म्हणाला नाही.

पट्टे करकरले. पन्नास वर्षांचा गंज तुटला. डाव्या पट्ट्याखालचं लिंबू फुटलं, मग उजव्या. मी सिमेंटवरून खाली उतरले. मऊ जमीन. पट्ट्यांना जमीन लागली, मित्रांनो! बारा-पंधरा पावलं गेले असेन. मग ट्रेलरची फळी, आणि मी चढले. माझी मी. खडूच्या रेघा अंगावर अजून होत्या.

ज्ञानदेव बुधवारी भारतात परत गेले. जायच्या आधी त्यांनी हर्शेलला एक कागद दिला, त्यावर माझ्या इंजिनाचं चित्र काढून पाच आणि सहा नंबर लाल पेनने गोल केले होते. खाली इंग्लिशमध्ये एकच वाक्य. 'रोज नाही तर महिन्याला, पण फिरवा.'

आता २००८ चालू आहे. मी व्हर्जिनियात शेडमध्ये असते. पुन्हा डोक्यावर छत आहे, खोटं कशाला सांगू. कुंपण आहे, हात लावू नका अशी पाटी आहे. तोफेच्या नळीतलं काँक्रीट अजून तसंच आहे. ते राहू दे. तेवढं बंद असलेलं बरं, असं मलाच वाटतं. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला बाहेर काढतात आणि त्या कागदाप्रमाणे फिरवतात. मग अर्धा तास मी मैदानात चक्कर मारते. बाकीचे एकोणतीस दिवस मी त्या अर्ध्या तासाची वाट बघते.

गेल्या महिन्यात अतुल आला होता, तीन तास ड्राइव्ह करून. हर्शेलही होता. अतुलने न विचारता शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हँडलला हर्शेलसोबत उभा राहिला. मी चालू झाल्यावर त्याने खिशातून फोन काढला.

"जय भीम, बाबा. झोपला नव्हता ना?"

"जय भीम. साडेआठला कोण झोपतं? बसलोय असाच." आवाज बारीक झाला होता. ज्ञानदेव खडकीच्या घरी एकटेच असतात, गुडघा धरलाय, जिना उतरणं होत नाही.

"हे ऐका." अतुलने हात लांब करून फोन माझ्या मागच्या दाराशी धरला.

मिनिटभराने अतुलने फोन कानाला लावला. "बाबा? ऐकू आलं का?"

"आलं." ते म्हणाले, "सहा नंबरचा प्लग काळा झालाय. हर्शेलला सांग, बदल."

अतुलने सांगितलं. हर्शेलने मला बंद करून प्लग काढून बघितला. काळाच होता. त्याने तो उंच धरून फोनकडे बघत सलाम केला, जसं काही पलीकडे दिसणारच होतं.

"बाबा," अतुल म्हणाला, "दिवाळीला मी येतोय. उपासना पण. तीन आठवडे."

"या की. पण मला घेऊन कुठे जाणार आहात? मला चालवत नाही."

"हळूहळू जाऊ. आधी एक जिना. मग खाली चक्कर."

तर मित्रांनो, माझं एवढंच ऐका. मला रंग देऊ नका, माळा घालू नका, घातल्या तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी बरेच दिवस एका जागी उभं असेल, मशीन असेल नाहीतर माणूस, तर त्याला आराम आहे असं समजू नका. पोटात काय उतरतंय ते त्याला सांगता येत नसतं. आणि चालू करायचं असेल तर एकदम बटण मारू नका. आधी हाताने फिरवा. सावकाश, मोजत.

त्याला दोघं लागतात.